मंगळवार-शुक्रवारचं पाणी

“पाणी सुटलं होऽऽ! आधी घागरी इसळा, मग भराऽऽ!”

दौलूनानांचा हा पुकारा वरच्या आळीतून खालच्या आळीपर्यंत जायचा तेव्हा सकाळचे सात वाजलेले असायचे. आवाजाला जुन्या रहाटाची करकर होती. लग्न होऊन करंजओढ्याला आले, तेव्हा पहिल्या सकाळी मला उठवलं ते सासूनं नव्हे, त्या आवाजानं. पुढं चार वर्षं माझा दिवस त्यानंच उजाडायचा.

त्या मंगळवारी तो पुकारा अर्ध्यावर तुटला.

“बास कर, दौल्या,” सरपंच हिंदुराव नळकोंडाळ्यापाशी येऊन उभे राहिले. दौलूनाना त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, पण हिंदुरावांच्या तोंडी ते दौल्याच. “बोंबलून पाणी चांगलं हुत न्हाय. वैजयंता, काढ तुझी नळी. समद्यांम्होरं काढ.”

मी पेटी उघडली. वाडीत बारावी झालेली सून मी एकटीच, म्हणून ग्रामपंचायतीनं मला दोन दिवस तालुक्याला प्रशिक्षणाला धाडलं होतं. तिथून ही पेटी आणली होती. काचेची नळी, औषधाची बाटली आणि एक वही. नळीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, औषधाचे चार थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी पिवळं झालं तर दौलूनानांनी विहिरीत टाकलेली जंतू मारायची पावडर पाण्यात शिल्लक आहे, बिनघोर प्या. पिवळं झालं नाही, तर त्या पाण्यात काय आहे ते देव जाणे.

बाया घागरी खाली ठेवून भोवती जमल्या. मी थेंब टाकले, अंगठा लावून नळी हलवली आणि उन्हाकडं धरली.

पांढरं.

“मागल्या मंगळवारी काय हुतं?” हिंदुरावांनी विचारलं.

“पांढरंच.”

“आन् शुक्रवारी?”

“ते पण.”

आठवड्यातून दोन दिवस तपासणी करायची असं तालुक्याला सांगितलेलं, आणि मी मंगळवार-शुक्रवार धरले होते. वहीत ओळीनं पाच वेळा ‘पांढरं’ लिहिलेलं होतं, माझ्या सहीसकट.

“सरपंच, मी टाकलीया पावडर,” दौलूनाना म्हणाले. “पहाटं टाकलीया. आईची आण.”

“मग गेली कुटं? उडाली?”

“घरी न्हेत आसंल,” हौसाबाई पदराआडून बोलली. “त्येच्या बायकूची पितळी भांडी बगा की कशी लखलखत्यात.”

बाया हसल्या. दौलूनाना हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी नळाखालची एक कलंडलेली घागर सरळ केली.

हिंदुरावांचा आवाज एकदम उतरला. “माझं धाकटं पोरगं तालुक्याला सलाईनवर हाय. वाडीत अकरा माणसं हगवणीनं आडवी झाल्यात. आता हसण्याचं दिस न्हाईत. फुडल्या मंगळवारी ग्रामसभा. वैजयंता, वही घिऊन यायचं. तू लिवून द्यायचं की ह्यो पावडर टाकीत न्हाय. मग ह्येला नुसतं काढत न्हाय मी, पोलिसात देतो.”

“बावीस वर्सं झाली, सरपंच,” दौलूनाना एवढंच म्हणाले.

बावीस वर्षांचा अर्थ वाडीत सगळ्यांना माहीत होता. आमची विहीर पायऱ्यांची. वरच्या आळीच्या बाया पायऱ्या उतरून पाणी भरायच्या आणि खालच्या आळीची माणसं वर काठावर रिकामी भांडी घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून धार धरायची. पुढं कायदा वाडीपर्यंत पोचला, नळ आले, ते दिवस गेले असं सगळे म्हणायचे. पण खालच्या आळीचा माणूस त्या विहिरीवर कामाला लागला तो दौलूनानाच पहिला. आता तर विहिरीवर लोखंडी जाळी बसली होती, पायऱ्यांच्या तोंडाला दार आलं होतं, आणि त्या दाराची चावी दौलूनानांच्या करगोट्याला बांधलेली असायची.

त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, वाटतं तितका साधा नसेल हा माणूस. एवढं बोलणं कोण मुकाट्यानं ऐकून घेतं? ज्याच्या मनात काही असतं, तोच.

संशय म्हणजे भाकरीच्या पिठातला खडा. एकदा दाताखाली आला की पुढचा प्रत्येक घास माणूस चाचपूनच खातो.

मी बुधवारी कुणाला न सांगता नळी भरली. पिवळं! हळदीच्या पाण्यासारखं छान पिवळं. गुरुवारीही पिवळं. म्हणजे नाना मनाला येईल तेव्हा पावडर टाकतात आणि मनाला येईल तेव्हा टाकत नाहीत. मला चीड आली. अकरा माणसं आडवी आणि ह्यांची मर्जी चाललीय?

त्याच दुपारी काहीतरी निमित्त काढून मी खालच्या आळीत त्यांच्या दारात गेले. उंबऱ्यापाशी पांढरी रेघ दिसली. वाकून बोट लावलं, नाकाशी धरलं. पावडरीचा उग्र वास काही आला नाही. रांगोळी होती.

“काय शोधतायसा, वैनी?” आतून त्यांच्या बायकोनं विचारलं. ती किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. माझं बोट तसंच नाकाशी.

“काही नाही. नाना आहेत का विचारायला आले होते.”

“बसा की. च्या टाकती.”

मी बसले नाही. तिच्या घरात मी कधीच बसले नव्हते, हे मला परतीच्या वाटेवर आठवलं.

शुक्रवारी पहाटे, अजून कोंबडा दुसऱ्यांदा आरवायचा होता, तेव्हा मी शाल पांघरून विहिरीवर जाऊन बसले. वैशाखातलं पाणी म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांसारखं खोल गेलेलं होतं. जाळीतून खाली बघितलं तर काळोखात एक मंद चकाकी, बस.

नाना आले. मला बघून थबकले.

“वैनी? एवढ्या पहाटं?”

“बघायला आले.”

“बगा की,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण मन दुखल्याचं कळत होतं.

त्यांनी नवी पिशवी फोडली, माझ्यासमोर. मापानं पावडर बादलीत घेतली, पाणी ओतलं, काठीनं ढवळली, गाळ खाली बसू दिला. वास डोळ्यांत गेला आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मग त्यांनी करगोट्याची चावी सोडून दाराचं कुलूप काढलं आणि वरची निवळ घेऊन एकेक पायरी उतरले. खालून पाणी ओतल्याचा आवाज आला. गोल गोल फिरवत ओतत होते, विहिरीच्या सगळ्या अंगाला पोचेल असं. वर आले, कुलूप लावलं.

“झालं समाधान?”

“झालं,” मी म्हणाले. मला लाज वाटली.

“मग जावा घरी. च्या ठेवा. सासूबाई उठल्या आसतील.”

“तुम्ही?”

“मी आलो जरा बसून.” मग मी उठत नाही असं बघून ते घाईनं म्हणाले, “जावा म्हणतो ना! दव पडतंय.”

वैशाखात कसलं दव? मी घरी आले खरी, पण तो शब्द माझ्याबरोबर आला. मला इथून घालवायची एवढी घाई का?

घरात सासूबाई नव्हत्या. आत्याबाई म्हणायची मी त्यांना. पहाटेची वेळ, गेल्या असतील परसाकडं. चहा उकळून उकळून काळा झाला तेव्हा त्या आल्या, पदरात हात लपेटून.

सात वाजता मी नळी भरली. पावडर माझ्या डोळ्यांदेखत पडली होती. दोनेक तासांपूर्वी तिच्या वासानं माझे डोळे झोंबले होते.

पांढरं!

म्हणजे मला घालवल्यावर नानांनी काहीतरी केलं. काय केलं, ते कळत नव्हतं, पण केलं हे नक्की. मी वहीत ‘पांढरं’ लिहिलं आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

शनिवारी मोटरीचं पाणी कमी येऊ लागलं, म्हणून नाना पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करायला विहिरीत उतरले. मीही मागोमाग पायऱ्या उतरले. त्या विहिरीत मी पहिल्यांदाच उतरत होते. भिंतीत पाण्याच्या वर एक कोनाडा होता आणि त्यात शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. त्यांच्यापुढं एक सुकलेलं फूलसुद्धा नव्हतं.

नानांनी पाइपाची जाळी वर ओढली. तिला काहीतरी पांढरं चिकटलं होतं. मी पुढं वाकले तसा त्यांनी पटकन हात फिरवला आणि मूठ मिटली.

“काय आहे, नाना?”

“शेवाळ.”

“शेवाळ पांढरं असतं होय?”

“जुनं झालं की आसतं.”

“मूठ उघडा.”

“वैनी, तुमी वयानं लेकीवानी हायसा. मूठ उघड म्हणू नगा.”

त्यांनी मूठ पाण्यात बुडवून सोडली. पण जाळीच्या एका तारेत एक कण राहिला होता. नाना वर गेल्यावर मी तो नखानं काढला. फुगलेला, आंबूस वासाचा, पण ओळखू येण्यासारखा. भाताचं शीत.

रविवारी नवरा घरी आला. संपत दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा यायचा. त्याला मी सगळं सांगितलं.

“विहिरीत भात कोण टाकंल?” तो म्हणाला. “आणि दौलूनाना कशापायी टाकतील? त्यांना खायाला पुरं न्हाय.”

“मग त्यांनी लपवलं का?”

“त्यांनाच विचार.” मग तो म्हणाला, “त्या विहिरीचं आईम्होरं जादा काढू नगंस. माझी थोरली बहीण तिथंच गेली. बकुळा. पाच वर्सांची हुती, माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आसरांनी नेली म्हणत्यात. आई पाणी भरत हुती न् ही पायरीवर खेळत हुती.”

चार वर्षांत हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या घरात बकुळीच्या फुलांची वेणी कधी येत नव्हती, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी संध्याकाळी आत्याबाईंनी दूध विरजलं. मोठ्या गाडग्यात एक आणि लहान मोग्यात वेगळं. मी नेहमी बघत होते ते, आणि नेहमी बघत असल्यामुळंच कधी बघितलं नव्हतं. मोगा त्या गुरुवारी आणि सोमवारीच भरायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो घासून पालथा घातलेला असायचा.

मंगळवार, शुक्रवार! माझ्या हातातलं चुलीचं लाकूड तसंच राहिलं. त्या रात्री मी वही उघडली आणि एकेक वार बोटानं बघत गेले. पांढरं, पांढरं, पांढरं. सगळे देवीचे वार.

संशयाचं तोंड असं गर्रकन माझ्याच घराकडं वळलं.

मंगळवारी पहाटे मी नानांच्या मागं गेले नाही. आत्याबाईंच्या मागं गेले. नाना पावडर टाकून, कुलूप लावून दूर करंजाखाली बसले होते, विहिरीकडं पाठ करून. आत्याबाई आल्या. त्यांनी नानांकडं बघितलं नाही. नानांनीही मान वळवली नाही. रोजचंच असल्यासारखं चाललं होतं सगळं. आत्याबाई जाळीवर बसल्या, पदराखालून मोगा काढला. दहीभाताचा एकेक घास करून जाळीच्या भोकातून खाली सोडू लागल्या. घास पडला की खालून एवढासा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर त्या ओवी म्हणायच्या, जात्यावर म्हणावी तशी, पुटपुटत :

“साती जणी बाया, तुमच्या दारी माझी लेक
आपुल्या हातानं तिला घास द्या गं एक...”

मी पुढं झाले. जाळीपाशी जाऊन उभी राहिले.

“आत्याबाई.”

त्या दचकल्या नाहीत. उरलेला घास हातात तसाच धरून म्हणाल्या, “आलीस व्हय. कवा तरी येणारच हुतीस.”

“हे कधीपासून?”

“पस्तीस वर्सं. आदी खाली उतरून कोनाड्यात ठिवायची आसरांम्होरं. पाण्यात कवा टाकला न्हाय. आता दार घातलं तुमी लोकांनी, कुलूप घातलं. मग लेकरू उपाशी ऱ्हाऊ दिऊ?”

“अहो, पण ह्यानं माणसं आजारी पडतात. नानांनी टाकलेली पावडर त्या घाणीवरच...”

“घाण?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “घरचं दही हाय त्ये.”

प्रशिक्षणातल्या बाईंनी सांगितलं होतं, पावडर आधी पाण्यात पडलेल्या गोष्टींवर खर्ची पडते, त्यातून उरली तर पाण्याला. दही असो, शेण असो, पावडरीला दोन्ही सारखंच. पाणी भरपूर असतं तर पचून गेलं असतं. पण वैशाखात विहिरीत उरलं होतं किती?

“चावी मागायची होती नानांकडं,” मी म्हणाले. “दिली असती त्यांनी. तुम्ही कोनाड्यात ठेवून आला असतात.”

“त्येच्याकडं मागू?” त्यांचा आवाज चिरला. “मी? त्येच्याकडं?”

मला राग आला. पस्तीस वर्षं गेली, नळ आले, तरी खालच्या आळीच्या माणसापुढं ह्यांचा हात पसरत नाही! “आज सभा आहे. त्यांना पोलिसात देणार आहेत. तुमच्या ह्या ताठ्यापायी.”

“ताठा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उठून त्यांनी माझं मनगट धरलं. “माझं नाव घेऊ नगंस. संपतची शपथ हाय तुला. बकुळीचं नाव चावडीवर नगं.”

त्या गेल्या. मी करंजाखाली गेले.

“नाना, तुम्हाला ठाऊक होतं.”

“व्हय.”

“तुम्ही मला त्यासाठीच घालवलंत. शीत लपवलंत. चोर म्हणवून घेतलंत. बोलला का नाही?”

त्यांनी जमिनीवरचं एक करंजाचं पान उचललं, उलटंपालटं केलं. “पाण्याचं मी बगत हुतो की. दुसऱ्या दिशी दीडपट पावडर टाकायचो, जाळीतनं भात काढायचो. वाटलं, भागंल. न्हाय भागलं, ती माझी चूक.”

“पण बोलला का नाही?”

“लेकरू गेलंय त्या बाईचं तिथं. तिच्या घासात मी काय बोलू, वैनी? मी तवा बी न्हाय बोललो.”

तेव्हा म्हणजे कधी, असं विचारायचं मला सुचलं नाही. सभेला दोन तास होते.

मी घरी येऊन कालचं साठवलेलं पाणी दोन घागरींत सारखं ओतलं. दोन्हींत पावडरीची निवळ सारख्याच मापानं टाकली. एकीत मूठभर दहीभात टाकला. आत्याबाई चुलीपुढं बसून सगळं बघत होत्या. मी एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेऊन चावडीकडं निघाले तेव्हा त्यांनी दार मात्र ओढून घेतलं.

चावडी भरलेली होती. हिंदुराव खुर्चीवर, पुढं टेबल, टेबलावर कोरा कागद. दौलूनाना दाराशी उभे. बाया एका अंगाला.

“वही आण,” हिंदुराव म्हणाले.

“आधी हे बघा,” मी म्हणाले.

मी दोन्ही घागरींचं पाणी दोन काचेच्या पेल्यांत घेऊन औषधाचे थेंब टाकले. एक पेला पिवळाधमक झाला. दुसरा जसाच्या तसा.

“पावडर दोन्हींत सारखी आहे. ह्या दुसरीत मूठभर दहीभात आहे, एवढाच फरक. नाना पावडर टाकतात. मी डोळ्यांनी बघितलंय. पण मंगळवारी आणि शुक्रवारी विहिरीत भात पडतो, तो ती पावडर खाऊन टाकतो.”

हौसाबाईनं पुढं येऊन पिवळ्या पेल्याचा वास घेतला.

“बया, हिचं खरं दिसतंय.”

“भात टाकतंय कोण?” हिंदुरावांनी विचारलं.

संपतची शपथ.

“ते मला सांगता येणार नाही.”

“का? ठाऊक न्हाय का सांगायचं न्हाय?”

मागून कुणीतरी म्हणालं, “चावी कुणाकडं आसती?”

“दौल्याकडं!”

“मग भात तरी दुसरं कोण टाकंल?”

“करणी केली आसंल. दही, भात, मंगळवार. करणीच ही.”

“जुना दावा काडतोय. ह्येच्या बा-आज्याला वर उभं ऱ्हावं लागायचं न्हवं, त्येचा सूड.”

मी आणलेल्या पुराव्यानं नाना सुटायच्या ऐवजी जास्तच अडकत चालले होते. मघाशी ते नुसते कामचोर होते, आता गावाचं पाणी नासवणारे झाले. मी त्यांच्याकडं बघितलं. बोला, एकदा तरी बोला. ते चौकटीला टेकून उभे होते आणि टेबलावरच्या पिवळ्या पेल्याकडं बघत होते.

“दौल्या,” हिंदुराव उठून उभे राहिले, “शेवटचं इचारतो. भात कुणी टाकला?”

“मला म्हाईत न्हाय, सरपंच.”

“मग चावी ठिव हितं.”

नानांनी करगोट्याची गाठ सोडायला घेतली. रोज पहाटे सुटणारी गाठ, आज लवकर सुटेना. हिंदुरावांनी पेनाचं टोपण काढलं.

“ऱ्हाऊ दे त्येच्याकडं चावी.”

दारात आत्याबाई होत्या. हातात रिकामा मोगा. चावडीची पायरी त्या उभ्या आयुष्यात चढल्या नव्हत्या.

“भात मी टाकती,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी आन् शुक्रवारी. माझ्या बकुळीला. ह्यो मोगा. माझ्या सुनंनं सांगितलं न्हाय, कारण मी तिला शपथ घातली हुती.”

चावडीत कुजबुज उठली आणि निवळली. हिंदुराव गोंधळले. टोपण परत पेनाला लावत म्हणाले, “तानूकाकी, तुमचं म्हंजी... देवाचं काम. लेकराची माया. तुमाला कोण बोलंल? इथनं फुडं टाकू नगा म्हंजी झालं.” मग त्यांना आवाज सापडला. “पण दौल्यानं ध्यान ठिवाय पायजे हुतं का नगं? ह्येच्या डोळ्यांदेखत आयाबाया पाण्यात भात टाकत्यात न् ह्यो बगत बसतो. ह्येला कशाला ठिवलाय? चूक ती चूकच. काढ रं चावी.”

माना हलल्या. सगळ्यांना ते पटलं. बाई सुटली, देव सुटला, आणि कुणालातरी धरायचं होतं तोही तयारच होता. नानांची बोटं परत गाठीकडं गेली.

आत्याबाई चावडीच्या मध्यावर आल्या. त्यांनी मोगा टेबलावर ठेवला, आणि ज्या माणसाकडं त्यांनी माझ्या देखत कधी मान वर करून बघितलं नव्हतं, त्याच्याकडं त्या बघत राहिल्या.

“काकी, नगा,” दौलूनाना हळूच म्हणाले. “झालं गेलं. नगा.”

“तू गप बस. पस्तीस वर्सं गप बसलास तेवढं पुरं.” मग त्या हिंदुरावांकडं वळल्या. “आसरांनी न्हेली न्हाय माझी लेक. शेवाळावरनं पाय घसारला तिचा. मला पवाय येत न्हवतं. बाप्यं समदी शिवारात. आन् ह्यो वर काठावर उभा हुता, सतरा वर्सांचा, रिकामी घागर घिऊन, कुणी पाणी वाढंल म्हणून. वढ्याच्या डोहात माशावाणी पवायचा ह्यो. म्या डोळ्यांनी बगितल्यालं. घागर टाकून पयल्या पायरीपतुर आला न् थांबला. म्हणला, ‘काकी, उतरू?’ बकुळीचा हात वर दिसत हुता आजून. परत इचारलं ह्यानं. रडत इचारलं. ‘काकी, उतरू का?’”

त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि मग खाली सोडला.

“आन् मी म्हणलं, नगं. पाणी बाटंल.”